ब्लॅक होल अडकलेली डोमेन वॉल लॅपटॉपवर कशी रेखाटायची

आधी एक उद्योग करा. तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवा, आणि त्यावरच्या पडद्यात कोरडं बोट घाला, पडदा फट्कन फुटेल. आता तेच बोट साबणाच्या पाण्यात भिजवून घाला, आरामात आरपार जातं, पडदा बोटाला धरून राहतो आणि बोट काढलं की परत मिटतो. डोमेन वॉलसाठी ब्लॅक होल म्हणजे हे भिजलेलं बोट.

वॉल म्हणजे काय, तर विश्व थंड होताना फील्डने (जागेच्या प्रत्येक बिंदूला एक आकडा देणारी राशी, पुढे तिलाच फाय म्हणू) एकीकडे +१ आणि शेजारी −१ निवडलं की मधे कुठेतरी त्याला शून्यातून जावंच लागतं, आणि तिथे एनर्जीचा थर अडकून बसतो. झेल्डोविच, कोब्झारेव्ह आणि ओकुन या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवलं की अशा भिंती उरल्या तर आपलं विश्व असं दिसणारच नाही.

आता गणित. पोटेन्शियल, म्हणजे फायच्या कुठल्या किमतीला किती एनर्जी ते सांगणारं सूत्र, म्हणून (फाय वर्ग वजा १) चा वर्ग भागिले २ घ्या, म्हणजे ब्लॅक होलशिवायचं उत्तर थेट टॅन-एच झेड (−१ वरून +१ वर अलगद चढणारा वक्र, झेड म्हणजे भिंतीच्या मध्यापासूनचं अंतर) येतं आणि भिंतीचा ताण, म्हणजे दर क्षेत्रफळामागची एनर्जी, बरोब्बर ४/३. तुमच्या कोडमधून १.३३३ येत नसेल तर पुढे जाऊच नका, चूक ग्रिडमध्येच (हिशेबासाठी जागेवर आखलेल्या बिंदूंच्या जाळीत) आहे.

मग ब्लॅक होल ठेवा. इथे मी दोन रात्री घालवल्या, कारण त्रिज्येसाठी नेहमीचं श्वार्झशिल्ड आर वापरलं आणि होरायझनला (ब्लॅक होलची सीमा, जिच्या आतून काही परत येत नाही) सगळं बोंबललं. आयसोट्रोपिक कोऑर्डिनेट (त्रिज्या मोजायची दुसरी पद्धत) घ्या ना सरळ, होरायझन जीएम भागिले २ ला येतं (जीएम म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले होलचं वस्तुमान, प्रकाशाचा वेग १ धरून) आणि तिथली अट एकच, त्रिज्येच्या दिशेने फायचा डेरिव्हेटिव्ह शून्य. हेच ते ओलं बोट, बरं का. होलच्या मधून जाणाऱ्या सपाट प्रतलावर (झेड शून्य) फाय शून्य धरा म्हणजे वरचा अर्धाच भाग सोडवावा लागतो, लांब टोकाला टॅन-एच झेड, अक्षावर कोनाचा डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि रिलॅक्सेशन (अंदाजापासून सुरू करून ग्रिडवरचे आकडे परत परत सुधारत नेणं) चालू द्या.

भिंतीची जाडी इथे साधारण १ आहे, म्हणून फिरवायचं बटण एकच, जीएम. ०.१ ठेवलं तर भिंतीला फारसं कळतही नाही, १० ठेवलं तर ती होलपुढे कागदासारखी पातळ होते आणि मग फील्ड सोडून नुसत्या ताणलेल्या पडद्याचं समीकरणही चालतं.

एक मात्र आपण गाळलंय, भिंतीचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण. सपाट भिंत वस्तूंना चक्क दूर ढकलते (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापायची चूक वाटली होती), त्यामुळे ताण खूप वाढवला तर वरचं उत्तर विसरा.

आणि कोडमध्ये भिंतीला भोक पडलेलं शोधत बसू नका. २००५ मध्ये स्टोइकोविच, फ्रीज आणि स्टार्कमन यांनी सुचवलं होतं की आदिम (विश्वाच्या सुरुवातीलाच बनलेली) ब्लॅक होल भिंतींना भोकं पाडून त्या संपवतील, पण त्या भोकाला काठ म्हणून कॉस्मिक स्ट्रिंग (भिंतीसारखीच, पण दोरीसारख्या रेषेत अडकलेली एनर्जी) लागते, आणि स्ट्रिंगचा ताण भागिले भिंतीचा ताण यापेक्षा भोकाची त्रिज्या मोठी असेल तरच भोक वाढतं, नाहीतर मिटतं. आपल्या एकट्या फील्डमध्ये स्ट्रिंगच नाही, त्यासाठी मॉडेलच बदलावं लागेल.