क्वायरसाठी लिहायचंय आणि कंडक्टही करायचंय? सुरुवात कुठून करायची ते सांगतो

आधी एखाद्या क्वायरमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांच्या समूहात, जाऊन गा. कंपोझिशनची डिग्री, कंडक्टिंगचा (समोर उभं राहून हातांनी क्वायर चालवण्याचा) कोर्स, नोटेशनचं (स्वरलिपीचं) सॉफ्टवेअर हे सगळं नंतर. आज ज्यांची गाणी जगभरचे क्वायर गातात त्यातले कितीतरी जण आधी रांगेत उभं राहून गाणारेच होते, म्हणजे बघा, बॉब चिलकॉट १९८५ ते १९९७ किंग्ज सिंगर्स या ब्रिटिश ग्रुपमध्ये टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) गात होते, लाटव्हियाचे एरिक्स एशेनवाल्ड्स तिथल्या स्टेट क्वायरमध्ये गायचे, आणि कॅरोलाइन शॉला २०१३ मध्ये ज्या आठ आवाजांच्या रचनेसाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला ती तिने स्वतः ज्या ग्रुपमध्ये गायची त्याच्यासाठीच लिहिली होती. एरिक व्हिटेकर तर कॉलेजच्या क्वायरमध्ये शिरला तेव्हा त्याला नोटेशन धड वाचताही येत नव्हतं. त्यामुळे "मला थिअरी येत नाही" म्हणून थांबू नका, पण थिअरी शिकायची नाही असाही अर्थ काढू नका, हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवणं) आणि काउंटरपॉइंट (वेगवेगळ्या चाली एकत्र गुंफणं) झक मारत करावंच लागतं.

गायचं का, तर श्वास कळतो म्हणून. पियानोवर बसून लिहिणारा माणूस सोप्रानोला (बायकांचा सगळ्यात उंच आवाज) वरच्या ए या सुरावर आठ बीट्स लटकवून ठेवतो, शिवाय हळू आवाजात गायला सांगतो आणि शब्दात नेमका "ई" येतो, मग तिथे घसा आवळला जातो, सूर खाली यायला लागतो आणि दोष गाणाऱ्यांना. उंच सुरावर "आ"सारखा मोकळा स्वर टाका, लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास न घेता आळीपाळीने घ्यायचा हे ठरवून द्या, आणि रेंजच्या टोकाला कुणाला फार वेळ बसवू नका. हौशी क्वायर असेल तर बासला (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज) खालच्या एफ या सुराच्या खाली नेऊच नका, आणि टेनर जवळपास सगळीकडे कमीच असतात, तेव्हा त्यांचे दोन भाग करायच्या आधी समोर किती जण आहेत ते मोजा.

आणखी एक गोष्ट जी पुस्तकात क्वचितच सापडते. आल्टोची (बायकांचा खालचा आवाज) एन्ट्री लिहिताना विचारा की हा सूर तिने आणायचा कुठून? ती काही पियानोची पट्टी नाही, दाबली की वाजली. एन्ट्रीच्या आधीच्या बारमध्ये (ठरावीक बीट्सच्या तुकड्यात) तोच सूर टेनरकडे किंवा सोप्रानोकडे ऐकू आला असेल तर आल्टो डोळे झाकून आत येतात, नाहीतर रिहर्सलचा अर्धा तास त्या एका बारमध्येच जातो. लिहून झालं की प्रत्येक ओळ स्वतः गाऊन बघा, बाकीच्या ओळी पियानोवर वाजवत. जिथे तुम्ही अडखळाल तिथे तीस जण अडखळणार.

कंडक्टिंगचं म्हणाल तर हात हलवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. एन्ट्रीच्या आधीचा जो तयारीचा बीट असतो त्यात टेम्पो, आवाज आणि श्वास तिन्ही दिसायला हवं, तुम्ही तोंडाने श्वास घेतलात की समोरचे आपोआप घेतात. त्यांच्याबरोबर गाऊ नका, स्वतःचाच आवाज ऐकत बसाल. ओळ "स"वर संपत असेल तर तो "स" नक्की कुठल्या बीटवर बंद होणार ते आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळ्या हॉलभर सापासारखी फूस ऐकू येते. आणि स्वतःची रचना असली तरी स्कोअर (कागदावर लिहिलेलं संगीत) दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाचून जा, कारण डोक्यात जे ऐकू येतं आणि कागदावर जे लिहिलेलं असतं त्यात कधी कधी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता शब्द. इथे भले भले अडकतात. व्हिटेकरने रॉबर्ट फ्रॉस्टच्या एका प्रसिद्ध कवितेला चाल लावली आणि मग परवानगीच मिळेना, कविता तेव्हा कॉपीराइटमध्ये होती. शेवटी चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री या कवीकडून त्याच छंदात नवे शब्द लिहून घेतले आणि ते गाणं "स्लीप" म्हणून गाजलं. त्याला असा कवी मिळाला, सगळ्यांना मिळेलच असं नाही. म्हणून पहिली नोट लिहायच्या आधी लेखी परवानगी घ्या, किंवा जुने शब्द घ्या. युरोपात साधारणपणे कवी गेल्यावर ७० वर्षं हक्क राहतात, भारतात ६०.

पैशाचं स्पष्टच सांगतो, नुसत्या रचनांवर घर चालवणारे फार थोडे. बहुतेक जण शिकवतात, क्वायर चालवतात आणि उरलेल्या वेळात लिहितात. अमेरिकन संगीतकार मॉर्टन लॉरिड्सन अनेक दशकं युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकवत होते. ब्रिटिश संगीतकार जॉन रटरनी १९८१ मध्ये केंब्रिज सिंगर्स हा स्वतःचा क्वायर काढला, मुख्यतः रेकॉर्डिंगसाठी, पुढे रेकॉर्ड लेबलही स्वतःचंच. व्हिटेकरने २०१० मध्ये १२ देशांतल्या १८५ जणांना घरबसल्या व्हिडिओ पाठवायला लावून ऑनलाइन क्वायर जमवला. मला विचाराल तर रटरचा रस्ता जास्त शिकण्यासारखा, आपला क्वायर हाताशी असला की लिहिलेलं आठवडाभरात कानावर पडतं. मोठा नको, आठ-दहा जण पुरे.

कमिशन, म्हणजे पैसे देऊन रचना लिहून देण्याची मागणी, आलं की आनंदात लगेच हो म्हणू नका. किती मिनिटांचं, किती आवाजांचं, गाणारे कुठल्या लेव्हलचे, स्कोअर कधी द्यायचा, पहिला प्रयोग कुणाचा, हे सगळं कागदावर घ्या, अर्धे पैसे आधी मागा आणि कॉपीराइट स्वतःकडे ठेवा. पब्लिशरकडे दिलंत तर ते बऱ्याचदा कॉपीराइटच मागतात आणि छापील प्रतीवर रॉयल्टी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते, त्यापेक्षा स्वतः पीडीएफ विकायची असेल तर किती प्रतींचं लायसन्स दिलंय ते प्रत्येक पानावर क्वायरच्या नावासकट छापा. रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीत रचना पहिल्या कार्यक्रमाच्या आधीच रजिस्टर करा, आणि त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तुम्हाला मिळेल आणि वापरता येईल ही ओळही करारात घाला, पुढचा कंडक्टर स्कोअर उघडायच्या आधी तेच मागणार आहे.