प्रोग्राम केलेल्या ड्रम्समध्ये हात दिसावेत म्हणून

कॉम्प्युटरवर ड्रम्स प्रोग्राम करायला माउस धरण्याआधी गाणं एकदा मांडीवर वाजवून बघा. उजवा हात हाय-हॅट (झांजांची जोडी), डावा स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), उजवा पाय किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम). अंगाने जे वाजलं तेच पुढे प्रोग्राम करायचं आहे. ड्रमरला दोनच हात असतात, हे स्क्रीनवर सहज विसरायला होतं. म्हणून क्रॅश (मोठी झांज) जिथे पडतो तिथला हाय-हॅटचा ठोका पुसलाय का, आणि टॉमवर (सुरातल्या ड्रमवर) फिल, म्हणजे दोन भागांना जोडणारी ठोक्यांची सर, चालू असताना हाय-हॅट मागे तसाच वाजत तर नाही ना, हे आधी तपासा. तेव्हा हाय-हॅट वाजला तर फक्त पायाच्या पेडलचा.

साउंड लायब्ररी निवडताना एकाच जोराच्या ठोक्याची चार-पाच वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज असलेली घ्या. एकच सॅम्पल भराभर आठदा वाजला की मशीनगन ऐकू येते, आणि पुढची सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

सगळ्यात जास्त वेळ व्हेलॉसिटीसाठी राखून ठेवा. मिडीमध्ये (वाद्यांचे ठोके आकड्यांत लिहायच्या पद्धतीत) हा ठोक्याचा जोर १ ते १२७ असा मोजतात, आणि घाईत केलेल्या ट्रॅकमध्ये सगळे ठोके १०० वर उभे असतात. केरव्यातला ‘क’ कोणी ‘धा’इतक्या जोराने वाजवतं का? हाय-हॅटचंही तसंच: मात्रेवरचा ठोका ९५च्या आसपास, मधला ६०-७०. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर मात्र फारसा हलवू नका. चांगल्या ड्रमरचा तो ठोका जवळपास एकसारखाच पडतो. त्याच्या आजूबाजूच्या घोस्ट नोट, म्हणजे अगदी हलके ठोके, २५ ते ४०मध्ये ठेवा. त्या वेगळ्या ऐकू येऊ नयेत, पण काढल्या की ठेका रिकामा वाटावा.

मग वेळ. ‘ह्यूमनाइझ’चं (ठोके माणसासारखे करू पाहणारं) बटण सुरुवातीलाच दाबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते बटण ठोके कसेही विखुरतं, आणि माणूस तसा चुकत नाही. त्याच्या चुकण्याला दिशा असते: संथ गाण्यात स्नेअर किंचित मागे रेलतो, म्हणजे उशिरा पडतो, फिलमध्ये हात पुढे धावतात. ८० बीपीएमला (मिनिटाला ८० मात्रांना) एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. मात्रेचे ४८० टिक (सॉफ्टवेअरमधले वेळेचे बारीक भाग) धरले तर १० टिक म्हणजे साधारण १५ मिलिसेकंद. किक ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या वेळेच्या रेघांवर नेमकी ठेवून स्नेअर गाणंभर तेवढा मागे घेऊन बघा. स्विंग (झुलता ठेका) हवा असेल तर प्रत्येक दुसरा सोळांश ठोका (मात्रेच्या चौथ्या भागाचा) उशिरा येतो. ड्रम मशीन बनवणाऱ्या रॉजर लिनने आपल्या यंत्रांत आणलेली हीच युक्ती: ठोक्यांच्या जोडीत पहिल्याचा वाटा ५० टक्के म्हणजे सरळ, ६६च्या आसपास तिश्र (तीन-तीनच्या चालीचा). ५४ ते ५८च्या मधली जागा बहुतेक गाण्यांना पुरते. हे सगळं जमलं की मग बटण दाबा, तेही दोन-तीन टिकांपुरतं.

दुसऱ्या कडव्यात पहिल्याची कॉपी जशीच्या तशी ठेवू नका. एखादी किक वाढवा, एखादी घोस्ट नोट काढा. सगळे ड्रम्स एकाच छोट्या खोलीच्या रिव्हर्बमधून (खोलीतला घुमणारा आवाज देणाऱ्या इफेक्टमधून) जाऊ द्या.

शेवटी सोलो (फक्त ड्रम्स ऐकवणारं बटण) बंद करून बेससोबत ऐका. स्नेअर मागे आणि बेस काटेकोर ग्रिडवर असेल, तर ते दोघे जिथे एकत्र पडायला हवेत तिथे फट ऐकू येते. बेसच्या तेवढ्या नोटही तितक्याच मागे घ्या.