परदेशात घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद: या चुका टाळा

लग्नानंतर पतीबरोबर दुबईला गेलेली मुलगी दोन वर्षांनी पुण्याला माहेरी परतते, वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात जाते आणि ‘हे तिकडे घडलंय, आमची हद्द नाही’ एवढे ऐकून घरी येते. हे उत्तर निमूटपणे मान्य करणे ही पहिली चूक. भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचे (गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या कायद्याचे) कलम १(५) लागू होते आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम २०८ मुळे तो गुन्हा जणू भारतातच, आरोपी जिथे सापडेल किंवा गुन्हा जिथे नोंदवला जाईल तिथे, घडला असे मानता येते.

याच कलम २०८ ला एक परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेली अट, आहे आणि सर्वाधिक गोंधळ त्यातून होतो. केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय अशा गुन्ह्याची ‘चौकशी’ किंवा खटला चालवता येत नाही, असे ते सांगते. रोजच्या मराठीत पोलीसही चौकशीच करतात. संहितेत मात्र पोलीस करतात तो तपास आणि न्यायालय करते ती चौकशी. म्हणून मंजुरी नाही या कारणावरून एफआयआर किंवा तपास अडवणे चुकीचे आहे. थोटा वेंकटेश्वरलू प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, कनिष्ठ न्यायालय गुन्ह्याची दखल घेते त्या टप्प्यापर्यंत मंजुरी आवश्यक नाही, त्यापुढे मात्र ती हवीच, असे स्पष्ट केले. तेव्हा दोषारोपपत्र दाखल झाले की मंजुरीचा प्रस्ताव गेला का, याचा पाठपुरावा फिर्यादीने स्वतः करावा. तो राहिला, तर खटला तिथेच थांबतो.

त्याच प्रकरणात विवाहितेचा छळ बोट्स्वानात झाल्याचा आरोप होता, तर हुंड्याशी संबंधित गुन्हे भारतात घडल्याचा. न्यायालयाने भारतातल्या गुन्ह्यांचा खटला मंजुरीविना पुढे नेण्याची मुभा दिली. म्हणूनच फिर्यादीत ‘लग्नापासून मला सतत त्रास दिला’ असा एकच सलग परिच्छेद लिहिणे मला सर्वांत घातक वाटते. साखरपुड्यात पैसे मागितले ते पुण्यात, मारहाण दुबईच्या घरात, धमकीचा फोन माहेरी असताना आला, असे प्रत्येक कृत्य ठिकाण आणि तारखेसह वेगळे मांडावे, म्हणजे कोणत्या भागाला मंजुरी लागते आणि कोणत्या भागाला लागत नाही, हे न्यायालयाला वाचताक्षणी दिसते. गुन्ह्याचा परिणाम इथे घडला असेल तर आरोपीचे परदेशात असणेही आड येत नाही. कराचीत बसून, तांदूळ पाठवतो असे खोटे सांगून गोव्याच्या व्यापाऱ्याकडून मुंबईत पैसे उकळणाऱ्या मोबारिक अली अहमद या पाकिस्तानी नागरिकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली कायम केली, कारण फसवणूक मुंबईत पूर्ण झाली होती.

आरोपीचे नागरिकत्व आजचे पाहू नये, कृत्याच्या दिवशीचे पाहावे. फाळणीनंतर पाकिस्तानातल्या मुलतान जिल्ह्यात घडलेल्या कृत्याबद्दल सेंट्रल बँकेने पुढे भारतात आलेल्या एका व्यापाऱ्यावर खटला भरला, पण कृत्याच्या वेळी तो भारताचा नागरिक नव्हता म्हणून तो खटला १९५४ साली टिकला नाही. हेच तत्त्व उलट बाजूनेही लागू होते: गुन्ह्यानंतर परदेशी पासपोर्ट घेतल्याने आधीची जबाबदारी पुसली जात नाही.

कृत्य १ जुलै २०२४ पूर्वीचे, म्हणजे न्याय संहिता लागू होण्याआधीचे, असेल तर कलमे जुन्या दंड संहितेची लावावी लागतात, हेही अनेकदा सुटते. छळाच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्यासाठी असलेली तीन वर्षांची मुदत उलटली म्हणून हातपाय गाळू नयेत. आरोपी भारताबाहेर होता तो काळ आणि मंजुरी मिळण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो.

पुराव्याची तयारी मात्र परत येण्याआधीच सुरू व्हावी. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट छापून जुना फोन विकून टाकणारे लोक स्वतःचेच नुकसान करतात, कारण साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र देताना मूळ उपकरण जवळ असलेले बरे. तिथल्या रुग्णालयाचा कागद, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत आणि शेजाऱ्यांची नावे-पत्ते जपून ठेवावेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०९ नुसार केंद्र सरकारच्या निर्देशाने, तिथल्या न्यायिक अधिकाऱ्यासमोर किंवा भारतीय वकिलातीत नोंदवलेल्या जबाबांच्या प्रती इथल्या न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारता येतात.