नागपूरच्या उन्हाळ्यात पहिले फायकस बोन्साय: एप्रिल ते ऑगस्टचा सल्ला

नर्सरीतून हौसेने आणलेले पहिले फायकस नागपुरात बहुधा मे महिन्यात दगावते. त्याआधी त्याची छाटणी झालेली असते, कुंडी बदललेली असते, वर मूठभर खतही पडलेले असते. म्हणून मृग लागेपर्यंत कात्री, तार आणि खत बाजूला ठेवा. तोवर कामे दोनच, सावली आणि पाणी.

फायकस वड-पिंपळाच्या कुळातले, त्यामुळे उष्णतेला ते भीत नाही. जमिनीतल्या झाडाची मुळे थंडाव्यात असतात. बोन्सायची मात्र चार बोटे खोल कुंडीत, तापलेल्या स्लॅबवर. पारा ४५ अंशांपुढे गेला की कुंडीच्या पश्चिम बाजूची मुळे आधी भाजतात. पूर्वेची बाल्कनी, जिथे सकाळी नऊपर्यंत ऊन येते आणि नंतर नुसता उजेड, ही सर्वांत चांगली जागा. गच्चीशिवाय पर्याय नसेल तर ५० टक्के सावलीची ग्रीन नेट बांधा, कुंडी स्लॅबवर न टेकवता विटांवर लाकडी फळी टाकून तिच्यावर ठेवा आणि कुंडीच्या बाजूंना ओले बारदान गुंडाळा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, हे बारदान दुपारी एकदा पुन्हा भिजवावे.

झाड घरात ठेवायचे असेल तर खिडकीपासून दोन-तीन फुटांच्या आतच. जागा बदलली की फायकस पाने टाकते. आठवडाभर पाने गळाली म्हणून पुन्हा जागा बदलू नका, नाहीतर नवी गळती सुरू होईल. कूलरच्या थेट झोतात झाड नको. कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही झाडाला घालू नये. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि तेच मुळांशी जाऊन बसतात.

पाणी ठरावीक वेळी नव्हे, माती पाहून द्यायचे. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी मातीत दोन इंच खोवून पाच मिनिटांनी काढा. काडी ओली, गडद निघाली तर थांबा. वरचा अर्धा भाग कोरडा निघाला तर पाणी द्या. उथळ कुंडीला मे महिन्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर असे दोनदा लागू शकते. खालच्या भोकांतून धार येईपर्यंत द्या, नुसता शिडकावा उपयोगाचा नाही. पाइपातले पहिले पाणी कढत असते, ते आधी सोडून द्या. माती इतकी सुकली की पाणी कडेने निसटून जाते, तर कुंडी पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. बोअरचे पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटे धरतात. महिन्यातून एकदा भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढावेत.

पाने पिवळी, मऊ होऊन गळत असतील तर बहुधा पाणी जास्त होते आहे. हिरवीच पण कुरकुरीत होऊन गळत असतील तर झाड सुकले आहे. सगळी पाने गेली तरी घाईने फेकू नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. त्याला सावलीत ठेवा आणि पाणी कमी करा, कारण पानांविना ते फारसे पाणी पीत नाही.

कुंडी बदलायची ती दोन-चार चांगले पाऊस पडून हवा ओलसर झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. आपली काळी माती बोन्सायला चालत नाही: ओली झाली की फुगून हवा कोंडते, सुकली की भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. दोन भाग लाल विटेचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे, एक भाग कन्हान नदीची जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घ्या. विटेचे तुकडे आणि वाळू चाळून धूळ टाकून द्या. आळस होतो तो नेमका इथे, आणि धुळीनेच निचरा बंद पडतो. वीट भाजलेल्या मातीचीच हवी. राखेची करडी वीट नको, तिच्यात चुना-सिमेंट असते. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवा. मुळांचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नका, त्याच प्रमाणात वरचा विस्तार कमी करा आणि झाड हलू नये म्हणून भोकांतून तार ओवून बांधा. पुढे दोन-तीन आठवडे सावली. खत महिनाभराने: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, ऑक्टोबरपर्यंत.

कापताना पांढरा चीक येतो. ओल्या फडक्याने टिपा, डोळ्यांना हात लावू नका. काहींच्या कातडीला खाज सुटते. जाड, गाजरासारख्या मुळांचे ‘जिनसेंग’ फायकस कलमी असते. कलमाच्या खालून वेगळ्या, मोठ्या पानांचे फुटवे निघाले तर लगेच खुडा, नाहीतर ते वरचे कलम दाबून टाकतात.

पावसात कोवळी पाने मधोमध दुमडून द्रोणासारखी झाली तर आत काळे फुलकिडे असतात. फवारा दुमडलेल्या पानात शिरत नाही, म्हणून ती पाने खुडून पिशवीत बांधून टाका. उरलेल्या झाडावर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थेंब-दोन थेंब द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारा. पिठ्या ढेकणालाही (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) हेच, पण आधी कापसाने पुसून. तार बांधली असेल तर दर आठवड्याला पाहा. पावसाळ्यात फांदी झपाट्याने जाडावते आणि तार सालीत रुतते. रुतायला लागण्याआधीच ती पकडीने तुकडे करून काढा, उलटी गुंडाळून सोडवू नका. त्यात फांदी मोडते.