क्रूझवर स्मोकिंग बंदी राबवताय? या चुका टाळा

मी चौदा वर्षं क्रूझ जहाजांवर सिक्युरिटीत काढली, त्यातली शेवटची सहा सुपरवायझर म्हणून. दर कॉन्ट्रॅक्टला नवीन मुलं यायची. मालवण, वसई, रत्नागिरी, गोवा. कुणी फौजेतून निवृत्त झालेला, कुणी हॉटेलातून आलेला. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावर कामाला लागणारे सुरक्षेचे कोर्स झालेले, सर्टिफिकेटं फाइलमध्ये नीट लावलेली. आणि तरी सिगारेटच्या तक्रारीवर पाठवलं की पहिल्याच आठवड्यात त्याच त्या चुका. आता जहाज सोडलंय, पण भाचे-पुतणे अजून जातात, आणि त्यांच्या फोनवर मला तेच ऐकू येतं. म्हणून एकदा लिहून ठेवतो.

पहिली चूक डोक्यातली आहे. हा नियम वासासाठी आहे, शेजारच्या गेस्टला त्रास नको म्हणून आहे, असं समजून बहुतेक जण काम करतात. मग तक्रार नसेल तर नियमही नाही, असं त्यांचं होतं.

२३ मार्च २००६. स्टार प्रिन्सेस हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बेकडे निघालेलं. पहाटे ३ च्या सुमारास एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी शाखेने काढलेला निष्कर्ष असा, की बहुधा न विझलेलं सिगारेटचं थोटूक कारणीभूत. दोन बाल्कन्यांमधल्या पडद्या पॉलिकार्बोनेटच्या, जमिनीवरच्या फरशा पॉलियुरेथेनच्या, खुर्च्या-टेबलं प्लास्टिकची. बाल्कनी ही उघडी जागा म्हणून तिथं ना धूर टिपणारा डिटेक्टर ना आगीवर पाणी फवारणारा स्प्रिंकलर. आग मिनिटांत वरच्या डेकांवर, म्हणजे मजल्यांवर चढली. धुराने एक प्रवासी गेला, ७९ केबिन पूर्ण निकामी झाल्या आणि आणखी २१८ केबिनना आग, धूर किंवा पाण्याने नुकसान झालं. त्यानंतर सोलासचे, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम बदलले. १ जुलै २००८ पासून बाल्कन्यांमध्ये काय सामान चालेल आणि आग टिपायची, विझवायची सोय काय हवी हे ठरवून दिलं गेलं. पुढच्या काही वर्षांत एकेका मोठ्या कंपनीने बाल्कनीतलं स्मोकिंगच बंद केलं.

हे मी प्रत्येक नवीन मुलाला पहिल्या रात्री सांगायचो. हे डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत.

वास आला म्हणून दार ठोठावणं

ही माझी सर्वात नावडती चूक, आणि तिच्यात माझी सहीही आहे.

कॅरिबियन, रात्रीचे साडेअकरा. आठव्या डेकवरच्या एका बाईंनी फोन केला: शेजारच्या बाल्कनीतून धूर येतोय. ड्युटीवर एक तडफदार मुलगा होता, जहाजावर येऊन दहा दिवस झालेले. तो सरळ त्यांच्या डाव्या हाताच्या केबिनवर गेला. दार उघडलं, आत खरोखर सिगारेटचा वास होता. आत एक वयस्कर जोडपं. ते नाही म्हणत होते, हा ऐकेना. मला रेडिओवर म्हणाला, "दादा, वास आतूनच येतोय, मी स्वतः घेतला." मी दुसऱ्या कामात होतो. रिपोर्ट आला, सही केली. दंडाचे २५० डॉलर त्यांच्या खात्यावर लागले.

सकाळी ते दोघं गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर उभे. आजोबांचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालेलं, हातात इनहेलर. आजीबाई रडत होत्या. पैशासाठी नाही, तर तीसच्या आसपासच्या एका मुलाने नवऱ्याला तोंडावर खोटं ठरवलं म्हणून. पैसे परत केले, मी स्वतः केबिनवर जाऊन माफी मागितली. ती माफी त्यांनी घेतली, पण त्यानंतर क्रूझ संपेपर्यंत मी दिसलो की आजोबा मान वळवायचे.

खरा ओढणारा चौथ्या रात्री सापडला. एक डेक खाली आणि दोन केबिन पुढे. त्याच्या बाल्कनीच्या पाणी जायच्या भोकात सात थोटकं अडकलेली होती. म्हणजे आम्ही चुकीच्या दाराशी समाधानी झालो आणि तीन रात्री खरी ठिणगी तशीच चालू राहिली.

कारण साधं आहे. जहाज चालू असताना त्याच्या बाजूने वारा पुढून मागे वाहतो. धूर मागे जातो आणि वर चढतो. म्हणून ज्या केबिनमध्ये वास येतो, तिच्या पुढच्या आणि खालच्या बाल्कन्या आधी बघायच्या. बंदरात उभं असताना हे लागू नाही. तेव्हा वर झेंडा बघा, वारा कुठून आहे ते कळेल. आणखी एक: आतल्याने बाल्कनीचं दार उघडं ठेवलंय आणि तुम्ही कॉरिडॉरचं दार उघडायला लावलंत, की वारा भस्सकन आत घुसतो आणि शेजाऱ्याचा वास घेऊनच येतो. तुमच्या नाकाला वाटतं, इथंच. नाक वाट दाखवतं, त्याच्यावर निकाल द्यायचा नसतो.

माझी सवय अशी. आधी तक्रार करणाऱ्याच्या केबिनवर जायचं, विचारून त्यांच्या बाल्कनीत उभं राहायचं, दोन मिनिटं गप्प. दुसऱ्या माणसाला वरच्या उघड्या डेकच्या कठड्याशी पाठवायचं. अंधारात सिगारेटची लाल टिकली लांबून दिसते. मग दार. एकट्याने कधीच नाही, सोबत हाउसकीपिंगचा सुपरवायझर. राख, थोटूक, ग्लासात विझवलेलं काही उघड्यावर दिसलं तर फोटो आणि वेळ. गेस्टच्या बॅगेला, ड्रॉवरला हात लावायचा नाही. काही नाही दिसलं, तर नियम सांगायचा, लॉगमध्ये नोंद करायची, शुभ रात्री म्हणून निघायचं. घाईवाल्या मुलांना हे पटत नाही, त्यांना त्याच रात्री केस बंद करायची असते. पण तीच केबिन पुन्हा तक्रारीत आली की तुमची पहिली नोंद सोन्याची ठरते.

ॲशट्रे काढून टाकणं

ही चूक वरच्या लोकांची, पण निस्तरायची आपल्याला. ॲशट्रे नसले की लोक ओढणार नाहीत, असा विचार. एका जहाजावर उघड्या डेकवरून लिफ्टच्या लॉबीत येणाऱ्या दारांपासचे सगळे ॲशट्रे काढले, लॉबी सुबक दिसावी म्हणून. स्मोकिंगची जागा दारापासून वीस पावलांवर, लोक शेवटचे झुरके मारत दारापर्यंत येणार, आणि तिथं थोटूक टाकायला काही नाही. मग ते कुंडीत जाणार.

चार दिवसांनी पहाटे पावणेचारला राउंडवर मला जळक्या पालापाचोळ्यासारखा वास आला. ज्वाळा नाही, धूरसुद्धा नीट दिसत नव्हता. कुंडीवर हात धरला तर धग. चमच्याने उकरलं, चार बोटं खाली माती लाल झाली होती. कुंड्यांतली ती हलकी माती म्हणजे पीट किंवा नारळाचा भुसा, वाळली की आतल्या आत धुमसत राहते. मी बाटलीभर पाणी ओतलं, ते वरून वाहून गेलं. कोरडं पीट पाणी धरतच नाही. शेवटी डेकवरच्या मुलांनी बादली आणली, रोप उपटून सगळी माती बुडवली, तेव्हा चुरचुर आवाज थांबला. कुंडीच्या मागे दीड फुटावर उशांची गादीवाली बाकं होती.

म्हणून जिथं स्मोकिंगची हद्द संपते, तिथं वाळूचं भांडं हवंच. साधी वाळू, भुसा नाही. आणि ते रिकामं करताना प्लास्टिकच्या पिशवीत पेपर नॅपकिनसोबत नाही. झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाणी मारून. हाउसकीपिंगची नवीन पोरं शिफ्ट संपवायच्या घाईत ॲशट्रे सरळ ट्रॉलीच्या पिशवीत उलटतात आणि ट्रॉली लिनन लॉकरमध्ये लावून झोपायला जातात. चादरींच्या ढिगाशेजारी. हे दिसलं की मी कुणाचीही भीड ठेवली नाही.

बाकीच्या, थोडक्यात

बाथरूममधली शॉवर कॅप डिटेक्टरला घातलेली दिसली, तर ती स्मोकिंगची केस राहत नाही. सुरक्षेच्या उपकरणाशी छेडछाड आहे. गुपचूप काढून हसून सोडू नका, लगेच वर कळवा.

व्हेप (ई-सिगारेट) म्हणजे नुसती वाफ, असं गेस्ट सांगतो आणि मुलं मान डोलावतात. डिटेक्टर त्यानेही वाजतो, आणि आत लिथियमची बॅटरी असते, जी उशीखाली चार्जिंगला लावलेली मी पाहिली आहे. मुंबईहून सुटणाऱ्या फेऱ्यांवर आणखी एक गुंता: भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे लोक ती लपवून आणतात आणि लपूनच, म्हणजे बाथरूममध्ये, ओढतात.

समुद्रात टाकलं म्हणजे गेलं, असं नाही. वारा थोटूक खालच्या बाल्कनीत परत आणतो. शिवाय फिल्टर प्लास्टिकचाच प्रकार असतो, आणि मार्पोल या समुद्री प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे प्लास्टिक समुद्रात कुठंही टाकता येत नाही.

नेहमीचा गेस्ट, मोठा खर्च करणारा गेस्ट, म्हणून सूट देऊ नका. कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना ते दुसऱ्या दिवशी माहीत असतं.

क्रूने स्वतः केबिनमध्ये ओढायची आणि मग गेस्टला अडवायचं, हे चालत नाही. साइन ऑफ करून घरी पाठवलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत, एका सिगारेटपायी.

आणि "इथं नाही" एवढंच म्हणून निघून जाऊ नका. आपल्याकडचे गेस्ट असले तर मी म्हणायचो, "काका, चला, जागा दाखवतो," आणि सोबत चालत जायचो. तीन मिनिटं लागतात. ज्या काकांना मी त्या जागेपर्यंत सोडून आलो, त्यांच्यापैकी क्वचितच कुणी पुन्हा बाल्कनीत सापडला. नकाशावर बोट ठेवून "स्टारबोर्ड साइड, आफ्ट" (उजवी बाजू, मागचा भाग) सांगितलेले मात्र हमखास सापडले, कारण पहिल्यांदा जहाजावर आलेल्या माणसाला स्टारबोर्ड म्हणजे कुठला हात हेच ठाऊक नसतं.

रात्रीच्या राउंडची वेळ रोज बदला. बरोबर दोनला जाणाऱ्या गार्डची वेळ ओढणाऱ्याला तिसऱ्या दिवशी पाठ होते. मी तीन ते चारमध्ये एक फेरी कधी चुकवली नाही. बार बंद झालेले असतात, माणसं झोपेत असतात, आणि विझलं असं वाटलेलं थोटूक त्याच वेळेला पेटतं.