एक्स्पान्शन व्हॉल्व्हला पाना लावण्याआधी: या चुका टाळा

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव, दिंडोरी, निफाड या पट्ट्यातल्या प्रीकूलिंगवाल्यांचे, म्हणजे माल थंड करायच्या खोल्या चालवणाऱ्यांचे, फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली: "रूमचं तापमान उतरत नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह थोडा उघडून बघितला, तरी फरक नाही." थोडा म्हणजे किती, ते विचारलं की कुणालाच सांगता येत नाही. मूळ बिघाड बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो, पण आता त्यात बिघडलेल्या सेटिंगची भर पडलेली असते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हा थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे थंड कॉइलमध्ये लिक्विड गॅस मोजून सोडणारी झडप, खोलीचं तापमान ठरवत नाही. कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं सुपरहीट, म्हणजे तो आपल्या उकळबिंदूपेक्षा किती अंश गरम आहे, तेवढं तो सांभाळतो. कॉइलच्या बाहेरच्या पाइपला बांधलेल्या, चार्ज भरलेल्या बल्बचा दाब व्हॉल्व्ह उघडायला बघतो. कॉइलचा दाब आणि स्प्रिंग मिळून तो बंद करायला बघतात. स्पिंडल, म्हणजे सेटिंगचा स्क्रू, फिरवून तुम्ही फक्त स्प्रिंगचा ताण बदलता. गॅस कमी असेल, ड्रायर (लिक्विड लाइनमधला ओलावा आणि कचरा धरणारा फिल्टर) चोंदला असेल, पंखा बंद असेल किंवा कॉइल बर्फाने बुजली असेल, तर त्यावर स्प्रिंग काय करणार?

थंडीच्या रात्री स्पिंडल उघडणं

ही चूक आपल्याकडे फार होते, म्हणून सविस्तर सांगतो. निफाडला जानेवारीत थंडीची लाट आली की पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. तिकडच्याच एका पॅकहाऊसमध्ये एअर-कूल्ड कंडेन्सर (गरम गॅस हवेने गार करून त्याचं लिक्विड करणारा भाग) उघड्यावर, आणि त्याचे सगळे पंखे रात्रभर चालू. हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरच्या बाजूचा दाब, घसरलं. व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक कमी झाला की त्यातून जाणारं लिक्विडही कमी होतं. अर्धी कॉइल बर्फाने पांढरी, उरलेली कोरडी. रात्रपाळीच्या पोराने ते बघितलं आणि स्पिंडल चांगला दोन-अडीच फेरे उघडला. पहाटेपर्यंत कॉइल पूर्ण भरली, तो खूश होऊन घरी गेला.

अकराच्या सुमारास कंडेन्सरवर ऊन आलं. हेड प्रेशर वर गेलं आणि तोच व्हॉल्व्ह आता भसाभस लिक्विड सोडायला लागला. मी पोहोचलो तेव्हा कॉइलकडून कंप्रेसरकडे जाणाऱ्या सक्शन लाइनवरचं दव थेट कंप्रेसरच्या अंगापर्यंत आलं होतं आणि आतून ठोके ऐकू येत होते. कंप्रेसरचं हेड उघडलं तर लिक्विडच्या माऱ्याने सक्शनच्या रीड, म्हणजे आतल्या पातळ झडपा, तुटलेल्या. दोन्ही खोल्या मालाने भरलेल्या, बाहेर गाडी उभी, आणि मालक माझ्या तोंडाकडे बघतोय. उपाय काय होता? कंडेन्सरच्या पंख्यांना प्रेशर स्विच बसवायचा, म्हणजे थंडीत ते गरजेपुरतेच फिरतात. त्याचा खर्च कंप्रेसरच्या मानाने काहीच नाही.

बल्बची हेळसांड

बल्ब केबल टायने बांधलेला दिसला की माझं डोकं फिरतं. टाय ढिला पडतो, बल्ब पाइपपासून सुटतो आणि खोलीची हवा मोजत बसतो. हवा पाइपपेक्षा गरम, म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि लिक्विड परत येतं. तांब्याची किंवा पितळेची पट्टीच वापरा. पाइप आडवा हवा, आणि पॉलिश पेपरने साफ केलेला. सात सूत (७/८ इंच) किंवा त्याहून जाड पाइप असेल तर बल्ब घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी, बारीक असेल तर वरच्या अंगाला. खाली कधीच नाही, तिथून तेल वाहतं. वरून इन्सुलेशन गुंडाळा. इक्वलायझरचं, म्हणजे कॉइलनंतरचा दाब व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या बारीक नळीचं, कनेक्शन बल्बच्या पुढे, कंप्रेसरच्या बाजूला येतं. कॉइलला डिस्ट्रिब्युटर (लिक्विड अनेक नळ्यांत वाटणारा तुकडा) असेल तर बाहेरच्या इक्वलायझरचाच व्हॉल्व्ह लागतो, आणि ती नळी बूच मारून बंद करायची नसते.

"एक साइज मोठा टाकू"

दुकानदाराला कूलिंगचे टन सांगायचे आणि तो देईल ते बसवायचं, ही निवड नव्हे. व्हॉल्व्हवर लिहिलेली क्षमता ठराविक परिस्थितीतली असते. तुमचा गॅस, कॉइलचं तापमान, सबकूलिंग (लिक्विड आपल्या उकळबिंदूपेक्षा किती अंश गार आहे ते) आणि व्हॉल्व्हवरचा दाबातला फरक घेऊन कंपनीच्या तक्त्यात बघावं लागतं. मोठा व्हॉल्व्ह हंटिंग करतो: सक्शन गेजचा काटा वरखाली झुलत राहतो, कधी कॉइल उपाशी, कधी लिक्विड कंप्रेसरकडे. डॅनफॉसच्या टीई२ सारख्या व्हॉल्व्हमध्ये ऑरिफिस, म्हणजे लिक्विड जाण्याचं भोक असलेला आतला तुकडा, वेगळं मिळतं, तेवढंच बदला.

आर-२२ गॅसचा व्हॉल्व्ह आर-४०४ए गॅसवर चालवू नका, बल्बमधला चार्ज जुळत नाही आणि कॉइल उपाशी राहते. एमओपीवाल्या (कॉइलचा दाब ठराविक मर्यादेवर जाऊ न देणाऱ्या) व्हॉल्व्हचं डोकं बल्बपेक्षा गार पडता कामा नये. ब्रेझिंग (पाइपचं झाळकाम) करताना व्हॉल्व्हच्या अंगावर ओलं फडकं, नेहमी.

माझी पद्धत अशी. आधी साइट ग्लास (लिक्विड लाइनवरची काच, बुडबुडे दिसतात का ते बघायला), मग ड्रायरच्या दोन टोकांचं तापमान, मग पंखे आणि डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवण्याची सोय. हे सगळं ठीक असेल तरच सुपरहीट मोजतो. गेज कॉइलच्या तोंडाशी लावतो, कंप्रेसरपाशी नाही, आणि थर्मामीटर बल्बशेजारी. आर-४०४ए ला ६० पीएसआय म्हणजे साधारण उणे ५ अंश. पाइप शून्यावर असेल तर सुपरहीट ५. अशा व्हॉल्व्हला मी हातही लावत नाही. बागेतून नुकताच गरम माल आत आला असेल तेव्हाही नाही. खोली रोजच्या तापमानाजवळ येऊ द्या. फिरवायचाच असेल तर पाव फेरा. बहुतेक व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुपरहीट वाढतं. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ज्याला तेवढा धीर नाही, त्याने कृपा करून पाना खिशातच ठेवावा.

किती फिरवला, कुठल्या बाजूला, ते टॅगवर लिहून व्हॉल्व्हलाच बांधा. टोपी वॉशरसकट घट्ट बसवा आणि साबणाचं पाणी लावून बघा. सेटिंगनंतर होणारी गळती बऱ्याचदा त्या टोपीखालूनच असते.