हिमोग्लोबिनसोबत बीपीही चढतंय? डायलिसिसवर असताना या चुका टाळा

हिमोग्लोबिन ७ असताना रक्त पातळ असतं, प्राणवायू कमी पडल्याने बारीक रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि हृदय मिनिटाला जास्त रक्त ढकलून तूट भरून काढत असतं. ईपीओची (एरिथ्रोपोएटिन, लाल पेशी वाढवणारं संप्रेरक) इंजेक्शनं लागू पडली की रक्त दाट होतं, वाहिन्या आवळतात. हृदयाने त्या बेताने आपलं काम कमी केलं नाही, की बीपी चढतं. सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत हे दिसतं.

हिमोग्लोबिन वाढवायची घाई. साधारण लक्ष्य १० ते ११.५. दोन आठवड्यांत १ ग्रॅमपेक्षा जास्त वाढ झाली तर डॉक्टर सहसा डोस पाव हिश्श्याने उतरवतात. वेगाने वाढत असताना डोकं ठणकलं, नजर धूसर झाली तर लगेच कळवा, फिट येऊ शकते. ‘१३ झालं तर आणखी बरं’ हा हिशोब इथे चालत नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत हृदयविकार असलेल्या डायलिसिस रुग्णांचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) ४२ पर्यंत नेऊन पाहिलं. फायदा दिसला नाही. उलट फिस्टुला-ग्राफ्टमध्ये (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात केलेली रक्तवाहिनीची जोडणी) गुठळी होण्याचं प्रमाण ३९ टक्के निघालं, हिमॅटोक्रिट ३० वर ठेवलेल्या गटात ते २९ होतं.

तपासणीसाठी रक्त चुकीच्या दिवशी देणं. सोम-बुध-शुक्र डायलिसिस असेल तर सोमवारी अंगात दोन दिवसांचं पाणी असतं. त्यात रविवारची हुमण-शीत (माशांची आमटी-भात) आणि वर सोलकढी! रक्त पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो आणि डोस उगाच वाढतो. डायलिसिसनंतर घेतलं तर उलट जास्त येतो. बुधवारी, मशीन जोडण्याआधी, दर वेळी त्याच पद्धतीने द्या.

बीपी चढलं की नुसती गोळी वाढवणं. आधी ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) तपासून घ्या. पावसाळ्यात पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचा) डबा उघडला की किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), खारे बांगडे ताटात येतात. साधारण ८ ग्रॅम मीठ अंगात एक लिटर पाणी धरून ठेवतं. बीपी आटोक्याबाहेर असेल तर पुढचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका.

इंजेक्शन लागू पडत नाही म्हणून डोस चढवत जाणं. बहुतेक वेळा लोह कमी असतं, नाहीतर कॅथेटरमध्ये (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी) जंतुसंसर्ग मुरलेला असतो. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, या लोहाच्या तपासण्या आधी पाहा. शिरेतून लोह सलाइनमध्ये सावकाश जायला हवं, घाईत दिलं तर बीपी कोसळतं. ईपीओचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. गोठलेलं टाकून द्या, चांगलं असेल तेही जोरात हलवू नका. वीज तासन्‌तास गेली असेल तर ते वापरण्याआधी सेंटरवर विचारा.

फिस्टुला न चाचपणं. दाट रक्त आणि डायलिसिसच्या शेवटी उतरलेलं बीपी, हीच गुठळीची वेळ. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू नका, मनगटात बाजाराची पिशवी अडकवू नका. डायलायझरचे (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचे) धागे काळपट दिसू लागले तर टेक्निशियनला सांगा, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) कमी पडत असेल. सकाळ-संध्याकाळ फिस्टुला बोटांनी चाचपून थरथर लागते का पाहा. ती थांबली तर उद्याची पाळी येईपर्यंत थांबू नका. गोव्यात बांबोळीचं इस्पितळ असो की मडगावचं, त्याच दिवशी गाठा.